सव्वानऊचा 'रीच्ड'

चौबे कॉलोनीतल्या पद्मिनीबाईंच्या लेखी 'रीच्ड' म्हणजे नुसतं पोचलो नव्हे. ट्रकांच्या धुरळ्यातून लेकाची बाइक उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुखरूप शिरली, हेल्मेट वाटभर डोक्यावरच होतं आणि आपण आता घोटभर चहा घ्यायला हरकत नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात मावायचं. तो मेसेज येईपर्यंत त्यांचं बूड एका जागी टेकत नसे.

आज तर अभिनव उशीर झाला म्हणून डबाही न घेता धावतपळत निघाला होता. पद्मिनीबाई तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या.

"काहून जिवाले घोर लावून घेऊन राहिली? येईन ना मेसेज," रत्नाकरराव पेपरामागून म्हणाले.

बरोबर सव्वानऊला रत्नाकररावांचा फोन किणकिणला. 'रीच्ड.'

"घे, पोचला तुझा पोट्टा!"

पद्मिनीबाईंनी देवाला हात जोडले आणि लेकाची खोली आवरायला गेल्या.



उशीखाली अभिनवचा फोन होता. स्क्रीनवर लिहून आलं होतं: 'तुमचा रोजचा ९:१५ चा मेसेज आपोआप पाठवला आहे.'