टेम्पोचा पंप

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी दादाच्या जुन्या मोटारीचा वॉटर पंप गेला. तसले पंप बनायचे कधीच बंद झाले होते. पण एका टेम्पोचा पंप तिला बरोब्बर बसतो, हे मला ठाऊक होतं. तो माझ्या गॅरेजात पडूनच होता.

दादाची नजर अधू झाली होती. वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, काहीही सांगा, पण गाडी सुरू करून देऊ नका."

मी दादाशी पहिल्यांदाच खोटं बोललो. "पंप कुठेच मिळत नाही रे."

"कसला डोंबलाचा मेकॅनिक तू! मीच बघतो," म्हणत तो भंगारबाजाराकडे पायी निघाला.



त्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, रस्ता ओलांडताना दादा ट्रकखाली गेला.