काकांवर गोळी

ढोकीच्या रामकिसनकाकांना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून घरात त्यांना कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. मोबाइलवरच्या, नुसत्या आवाजावर खेळायच्या लढाईत मात्र त्यांची कुणी गय करत नसे. पावलं वाजली की धाड! काका रोज मजेत मरायचे.

परवा ऐन लढाईत माइक चालू राहिला आणि विमलकाकू ओरडल्या, "अवो, आधी गुडघ्याला तेल लावा, मंग बंदुका चालवा!"

समोरच्या टीममधला पोरगा लगेच म्हणाला, "आरं थांबा, आजोबा हायेत त्ये! जावा आजोबा, निवांत जावा पुढं."

तेव्हापासून काकांवर एकही गोळी सुटेना. "तिथंबी मला जपायलेत," म्हणून काका अर्ध्या ताटावरनं उठायला लागले.

आज संध्याकाळी मात्र ते बाजेवरून उडालेच. "विमल, मारलं गं मला! मागून येऊन मारलं कुणीतरी!"

 

"अगंबाई, व्हय?" म्हणत सैपाकघरात विमलकाकूंनी कानातला हेडफोन काढला, नातीचा मोबाइल फळीवर ठेवला आणि करपलेली भाकरी उलटली.