तिरप्या रेषेची पट्टी

नाथानं गठ्ठ्यातून नेमकी ती एकच पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सागाची, दीड सूत रुंद, पुठ्ठ्याएवढी जाड. वरवर गुळगुळीत. पण टोकापासून वीतभर अंतरावर लाकडाची रेषा सरळ न जाता तिरपी बाहेर पळाली होती. अशी पट्टी वाकवायला घेतली की तिथंच मोडते. मग ती कितीही भिजवा, शेकवा.

ती त्यानं सगळ्यांत वर ठेवली आणि गठ्ठा सुनेपुढे सरकवला.

"घे. नाळेसाठी काढल्यात."

किर्तीनं नुसती मान हलवली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. काम करताना टाचण्या ओठांत धरायची सवय नाथाची. तीही हिनं उचलली होती.

कॅम्प चार या वस्तीतल्या त्या गाळ्यात शोकेसमध्ये ठेवायची लाकडी गलबतं बनत. डोलकाठ्या, शिडं कुणीही लावी. पण बरगड्यांवर पट्टीला पट्टी भिडवत पुढं नाळेपर्यंत न्यायचं, जिथं गलबत पाणी कापतं तिथं दोन्ही अंगांच्या पट्ट्या वळवून एका रेघेत मिळवायच्या, हे काम एकाच माणसाचं. खिडकीजवळचा पाट त्याचा. अठ्ठावीस वर्षं त्या पाटावर नाथा बसला. दिवाळीनंतर त्याचा उजवा हात थरथरायला लागला, तशी मालकानं, अल्पेशशेठनं, त्याला पट्ट्या निवडायला बसवलं. पाटावर किर्ती आली.

"काका, काम घरातच राहिलं ना," शेठ म्हणाला होता.

घरात राहिलं, तेच तर सोसत नव्हतं. परक्यानं नेलं असतं तर नाथा चार शिव्या घालून मोकळा झाला असता. आता रोज संध्याकाळी त्याची बायको अंजनी तेल कोमट करून सुनेचा अंगठा चोळत बसे. "लई ताण येतो गं बोटांवर," म्हणे. आणि नाथा समोर बसून भाकरी खाई.

आज चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. त्याला नाळ चढताना डोळ्यांनी बघायची होती. त्याच्यासमोर पट्टी मोडली की शेठ हबकणार, "काका, तुम्हीच बसा," म्हणणार. हात थरथरेना का. नाळ पुन्हा आपली.

चारच्या ठोक्याला शेठ गिऱ्हाइकाला घेऊन आत आला. अंबरनाथ पश्चिमेचे शंकरराव, कंपनीतले निवृत्त साहेब. "देखो साहेब, सगळं हाताचं काम. मशीन लावली असेल तर पैसे वापस."

किर्तीनं वरची पट्टी उचलली. अंगठा तिच्यावरून फिरवत नेला. वीतभर अंतरावर अंगठा थांबला.

नाथा पुढ्यातल्या पट्ट्यांवर वाकला.

तिनं मान वर करून सासऱ्याकडे पाहिलं. मग ती पट्टी पाठीमागं भिंतीला टेकवून ठेवली आणि दुसरी घेतली. गरम पाण्यातून काढली, फडक्यानं टिपली, तापलेल्या नळीवर अंगठ्यानं दाबत जराजरा करून वळवली. सुरीनं टोक निमुळतं केलं. सरस लावून बसवली, तर नखाला मांस चिकटावं तशी शेजारच्या पट्टीला चिकटली.

शंकररावांनी चष्मा काढून नाक गलबताला लावलं.

"फट कुठंय हो?"

"शोधा की साहेब," शेठ म्हणाला. "सापडली तर पीस फुकट."

"कुणी शिकवलं, बाई?"

किर्तीनं ओठांतली शेवटची टाचणी काढली. "मामांनी. हे बसलेत ते. आजच्या पट्ट्यापण त्यांनीच निवडून दिल्यात."

"तभी तो," शेठ म्हणाला. "पारखायला काका, लावायला सूनबाई. अपना फुल सेट आहे."

शंकररावांनी नाथाला हात जोडले. नाथानंही जोडले, आणि थरथर दिसू नये म्हणून लगेच मांडीखाली घातले.

दोघं बाहेर गेले. आता ही तोंड उघडणार, असं नाथाला वाटलं. कारखान्यात उघडेल, नाहीतर घरी अंजनीपुढं. त्यानं उत्तरही जुळवून ठेवलं, डोळ्यांना दिसत नाही म्हणून.

किर्तीनं भिंतीला टेकवलेली पट्टी हातात घेतली.

"मामा, रागावू नका. ही तुम्ही सगळ्यांत वर ठेवली होती, पण मला हिंमत झाली नाही. रेषा बघूनच हात गारठला. लोकांसमोर मोडली असती तर तुमचं नाव गेलं असतं."

नाथानं पट्टीकडं बघायचं टाळलं.

"पण तुम्ही नाळेसाठी काढली म्हणजे वळत असणारच." ती पाटावरून उठली. पदरानं पाट पुसला. "बसा. दाखवा मला कशी वळवायची ते."

डोलकाठी घासणाऱ्या राजूनं कानस खाली ठेवली. चाळीस वर्षांचा बाप्या, पण उठून जवळ येऊन उकिडवा बसला. "हां काका, दाखवाच. इतकी वर्षं झाली, तिरपी रेषा वळलेली आपण नाय बघितली."

नाथा उठला. सहा महिन्यांनी त्या पाटावर बसला. पाट अजून ऊबदार होता. त्यानं पट्टी हातात घेतली आणि गरम पाण्यात बुडवली.

"किती वेळ ठेवायची, मामा?"

"थांब जरा."

राजू वाकून बघत होता. किर्ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होती. पातेल्यावरची वाफ विरळ झाली, मग दिसेनाशी झाली.

पाणी पार निवलं, तरी नाथानं पट्टी वर काढली नाही.