कालची तारीख

केंद्रात मनाच्या आजारावर उपचार घेणारा कुणी बेपत्ता झाला, तर त्याच दिवशी वर कळवायचं, असा नियम होता. कळवलं की चौकशी लागायची, आणि चौकशी लागली की इन्चार्ज बाईंच्या केबिनवरची 'या वर्षी एकही अनुचित घटना नाही' ही पाटी उतरवावी लागायची.

दुपारी एका आईचा फोन आला. "सर, पोरगा सकाळपासून घरी नाही. मोबाइल उशीखाली ठेवून गेलाय." समुपदेशक धावतच बाईंकडे गेला.

बाईंनी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. "आधी त्याची केस बंद करा. पूर्ण बरा झाला म्हणून लिहा आणि कालची तारीख टाका. बरा झालेला माणूस कुठंही जाईना का, आपल्या डोक्याला ताप नको."

"पण बाई, तो अजून सापडलेला नाही."

"म्हणूनच घाई करा म्हणते. सापडल्यावर लिहून काय उपयोग?"

समुपदेशकाने मान खाली घातली आणि लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा केंद्राच्या पायरीवर बसलेला होता. कपडे चुरगळलेले, डोळे तारवटलेले. "रात्रभर पुलावर होतो, सर. पण तुम्ही म्हणाला होतात ना, काही करण्याआधी एकदा माझ्याकडे ये. म्हणून आलो."

समुपदेशकाने आत, पाटीकडे एकदा पाहिलं आणि तो दारात आडवा उभा राहिला.



"अरे, तू तर परवाच बरा झालास. आता इकडे यायचं नाही."