वेटिंगवर पहिली

सकाळपासून रोशनी चौथ्यांदा बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पाळीवर चढली. गावात तिच्या फोनला रेंज मिळे ती तिथेच, तीही मनात आलं तर. फोन मुका होता.

नागपूरच्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या वेटिंग लिस्टमध्ये तिचं नाव पहिलं होतं. एक जागा सुटली की फोन येणार होता. इकडे सोमवारी पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. पोरगी इंजिनिअर झाली म्हणून बाबांनी गावभर पेढे वाटले होते. फिजिक्सचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. रोज तोंड उघडायची आणि भलतंच काही बोलून बसायची.

चार वर्षं तिने मोटरी जोडल्या. मोटर मुळात का फिरते, असं विचारलं की सर म्हणत, पेपरात येत नाही. ते ऐकून तिला संताप यायचा. अजूनही येत होता.

शेवटी ती पाळ उतरून थेट शेतातल्या बांधीत शिरली. तिचे बाबा, रामाजी, चिखलात वाकून धान रोवत होते.

“बाबा, मले नोकरी नाई कराची.”

रामाजींनी मान वर केली नाही. “मंग काय कराचं?”

“अजून शिकाचं हाये. फिजिक्स.”

“इंजिनिअर होऊनबी शिकाचं राहिलंच?”

“मोटर कशी जोडाची ते शिकली. काऊन फिरते ते नाई.”

“आपली तं फिरतच नाई.” रामाजींनी कंबर सरळ केली आणि लेकीकडे पाहिलं. “रडून काऊन राह्यली? शिकतो म्हणणाऱ्याले नाई म्हणाची आपल्या घरात रीत नाई. माह्या बापानं मले शाळेत धाडलं, मीच पळून आलो. तू जा.”

एवढ्याशा बोलण्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लावला होता. रोशनीला हसू आलं. तिने त्यांचे चिखलाचे हात तसेच धरले.

“आता फक्त नागपूरच्या कॉलेजातून फोन येवाचा हाये.”

रामाजींचे हात ढिले पडले.

“नागपूरहून तं परवाच आल्ता,” ते हळू म्हणाले. “तुहा लागत नव्हता म्हणून माह्यावर. बाई म्हणे, एक सीट हाये, आजच सांगा. मी म्हटलं, आमची पोरगी शिकून मोकळी झाली, बाई. एखाद्या गरजू लेकराले द्या.”