मिठाच्या गोदामातला लोडर

“बल्ब ठीक आहेत, फ्यूजही ठीक आहे,” उजेडमास्तर म्हणाले. “म्हणजे चोर वायरीतच लपलाय.”

त्यांनी टेस्ट लॅम्पचा चिमटा मीठ उचलणाऱ्या लोडरच्या सांगाड्याला लावला आणि गुडघे टेकून सीटखाली डोकं घातलं. चाळीस वर्षं ट्रकचे दिवे दुरुस्त करून हे नाव त्यांना चिकटलं होतं. खरं नाव आता कुठे सही करायची वेळ आली तरच आठवायचं.

मिठाच्या गोदामाला खिडकी नव्हती. भर दुपारीसुद्धा दारापासून वीस पावलांवर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. तिथेच, मागच्या भिंतीशी, तीन आठवड्यांपूर्वी या लोडरनं त्यांच्या जावयाला चिरडलं होतं. लोडर चालवत होता त्यांचाच मुलगा.

मुलगा एकच सांगत होता. दिवे अचानक गेले आणि समोरचं काही दिसेना. कंपनीच्या मेकॅनिकनं येऊन बटण दाबलं, दिवे लागले, आणि त्यानं कागदावर ‘बिघाड नाही’ असं खरडून टाकलं. त्याचं काम झालं, पण मुलगा खोटारडा ठरला. लोक कुजबुजू लागले, की दोघा मेहुण्यांतून आधीच विस्तव जात नव्हता. जावई मुकादम झाल्यापासून मेहुण्याला चारचौघांत वाट्टेल तसं बोलायचा, हे खरं होतं. पण घरातली धुसफुस कुठे नसते?

मास्तरांची मुलगी दाराजवळ एका गोणीवर बसली होती. नवरा गेल्यापासून भावाशी ती एक शब्द बोलली नव्हती. आठवड्यापूर्वी ती वडिलांकडे आली होती. “बाबा, नवरा तर गेला. आता भाऊही गमवायचा का? दिवे गेले होते, एवढं मला डोळ्यांनी दिसू द्या. मी त्याला पोटाशी धरीन.”

मास्तरांनी मॅनेजरच्या हातापाया पडून आजची दुपार मिळवली. उद्या लोडर भंगारात जाणार होता.

“जुना असला तरी गुणी होता हो,” मॅनेजर म्हणाला. “चालवायचे दांडे सोडले की जागच्या जागी उभा. इंचभर पुढे जायचा नाही.”

दारात उभा असलेला मुलगा म्हणाला, “बाबा, राहू द्या ना. उद्या जातोय तो.”

“उद्या जातोय म्हणूनच आज बघायचं.”

“नाही सापडणार तुम्हाला.”

“अरे, तुझ्यासाठीच जीव काढतोय ना मी?”

मुलानं मान खाली घातली. खचलंय पोरगं, मास्तरांना वाटलं. त्याला बघून त्यांचंच काळीज तुटलं.

मीठ तांब्याला वाळवीसारखं खातं. दिव्यांची मूळ वायर कधीच कुजून गेली होती. कुणीतरी तिचा नाद सोडून सीटखालच्या दुसऱ्याच एका जाड वायरीवरून दिव्यांना वीज दिली होती. जोड म्हणजे नुसता पीळ, वर चिकटपट्टीचे चार वेढे. मास्तरांनी पट्टी सोलली. आत हिरवा भुगा.

त्यांनी जोड हलवला. दिवे गेले. पुन्हा हलवला. दिवे आले. दर वेळी खाली कुठेतरी ‘टक्’ असा आवाज होई. दिव्यांचा रिले असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. इंजिन बंद आणि किल्ली अर्धी फिरवलेली, अशीच त्यांची आयुष्यभराची पद्धत. दिव्यांच्या माणसाला चाकांशी काय देणंघेणं!

“सापडला!” मास्तर ओरडले. आवाज फाटलाच त्यांचा. “पोरी, इकडे ये. बघ.”

तिनं दिवे जाताना पाहिले, येताना पाहिले. पुन्हा जाताना पाहिले. मग ती सरळ भावाकडे गेली आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“चुकलं रे माझं,” ती म्हणाली.

मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आला.

“झालं ना आता? चला घरी,” मुलगा म्हणाला.

“थांब. मला एकदा चालू लोडरवर बघायचंय,” मुलगी म्हणाली.

“कशाला, ताई?”

“शेवटी माझ्या नवऱ्याला काय दिसलं असेल, ते बघायचंय. त्याशिवाय झोप नाही लागायची मला.”

“नको म्हणतोय ना मी!”

पण मॅनेजर लोडरमध्ये चढलासुद्धा होता. इंजिन धडधडलं. दिव्यांच्या झोतात मागची भिंत पांढरीफटक उजळली. लोडर चार हात पुढे जाऊन थांबला. मास्तरांनी लोडरच्या मागच्या खिडकीतून हात घातला आणि जोड हलवला. टक्. सगळा काळोख.

“आता पुढे घ्या,” मुलगी म्हणाली.

इंजिन गुरगुरलं. लोडर जागचा हलला नाही.

“अहो, दांडे ढकला ना,” मास्तर म्हणाले.

“ढकलतोच आहे.”

मास्तरांनी जोड चेपला. टक्. दिवे लागले आणि लोडर हिसका देऊन पुढे गेला. त्यांनी जोड सोडला. अंधार झाला आणि चाकं गच्च बसली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

“मास्तर, चाकांचं कुलूप याच वायरीवर आहे,” मॅनेजर अंधारातून सावकाश म्हणाला. “दिवे गेले की लोडर चालतच नाही.”

मास्तरांनी जोड पुन्हा चेपला. दिवे लागले. मुलगी भावाकडे वळली.

“म्हणजे तो तुला दिसत होता.”