खोलीचं माप

"श्श!"

बेबीने दारात पाऊल टाकलं आणि दादाने ओठांवर बोट ठेवलं. सहा महिन्यांनी बहीण आलेली, हातात बॅग, आणि हा तिला बोटाने थोपवत होता. सोफ्यावर त्याचा मित्र, दाताचा डॉक्टर, अंग चोरून बसला होता. मधोमध स्टँडवर एक इवलासा माइक उभा होता. स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत चढत गेला आणि मध्येच तुटला.

दादाने फोनवर पाहिलं आणि चरफडला. "गेलं! तुझ्या चपलांचा आवाज पकडला त्याने. आता पुन्हा पहिल्यापासून."

"आई कुठाय?"

"आत आहे. पण आधी हे बघ तरी."

टेबलावर काळाभोर अ‍ॅम्प्लिफायर होता. समोरच्या काचेत दोन निळे काटे थरथरत होते. चष्म्याच्या फडक्याने त्याच्यावरची नसलेली धूळ पुसत दादा सांगू लागला. पूर्वी दोन-तीन खोकी लागायची, आता सगळं एकात. रेकॉर्डप्लेअर लावा, टीव्ही जोडा, फोनवरून बिनतारी वाजवा, हेडफोन लावा. हे बटण दाबलं की बेस-ट्रेबल सगळं बाजूला, निखळ आवाज. आणि खरी गंमत म्हणजे हा माइक. खोलीचं माप घेतो. भिंती कुठे आहेत, आवाज कुठे आदळतो, सगळं ओळखतो आणि त्याप्रमाणे गाणं बेतून देतो.

"शिंप्यासारखं," डॉक्टर म्हणाला.

"फक्त एक आहे, माप घेताना टाचणी पडल्याचाही आवाज नको."

बेबी खोली बघत होती. भिंतींना स्पंजचे काळे चौकोन चिकटवले होते. आईची आरामखुर्ची गॅलरीत ऊन खात पडली होती, कारण तिच्या जागी स्पीकर आला होता. आईच्या खोलीच्या दाराला खालून रबराची पट्टी मारली होती. उंदीर येऊ नयेत म्हणून मारतात तशी.

तिने दार ढकललं. आंबूस वास अंगावर आला. उशाशी दुधाचा पेला होता आणि त्यावर पिवळी साय सुरकुतली होती. आई पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. खांदे वरखाली होत होते. ओठ काळेनिळे पडले होते. नाकात नळी होती, पण ऑक्सिजनचं मशीन गप्प होतं. जाळीवर बोटभर धूळ साचली होती.

बेबीने धावत जाऊन बटण दाबलं. मशीन घरघरलं.

"अगं, बंद कर ते!" बाहेरून दादा ओरडला. "माप चाललंय!"

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दार सताड उघडलं. "आईचा श्वास बंद करून तू खोल्या मोजतोस? किळस येते रे तुझी. जनाची नाही, निदान मनाची तरी?"

"थोडा वेळ चालतं तिला, डॉक्टर म्हणालेत."

"कोण, हे? दाताचे?"

डॉक्टर घड्याळ बघत उठला आणि कुणाचा निरोप न घेता जिना उतरला.

"तिनेच सांगितलं बंद कर म्हणून," दादा आत येत म्हणाला. "रोज चोवीस तास ही घरघर मी ऐकतो. तू नाही. एवढा पुळका असेल तर घेऊन जा."

"नेतेच! आत्ता नेते!"

"ने ना. मागच्या खेपेला पंधरवडाही ठेवली नव्हतीस."

"तेव्हा घरात अडचण होती."

"तुझी ती अडचण आणि माझं ते पाप, होय?"

आईच्या डोक्यावरून दोघांची तोंडं चालली होती. हिला कुठे ठेवायचं, कोण नेणार, कधी. कपाट हलवायचं असावं तसं. मध्ये बसलेल्या आईच्या ओठांवर हळूहळू रंग परतत होता. तिने हात वर केला. दोघं थांबली. आजवर आईने हात वर केला की भांडण मिटायचं. चूक माझीच, असं काहीतरी ती म्हणायची आणि सगळे सुटायचे.

"मला कुणी... कुठे न्यायचं नाही," ती म्हणाली. दम घ्यायला थांबली. "घर माझं आहे. तू निघ."

"कोण, मी?" दादा हसला. "आई, काहीतरीच काय! मी गेलो तर तुझं कोण करणार?"

"करायला बाई ठेवीन. बाई मशीन तरी बंद करणार नाही. तुझं सामान आवर."

दादाचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने बेबीकडे पाहिलं, तिने नजर वळवली. मग तो बाहेर गेला. तारा उपटल्याचा, खोकं ओढल्याचा आवाज येऊ लागला.

बेबी आईशेजारी टेकली आणि तिचा थंडगार हात तिने दोन्ही हातांत धरला.

"शाब्बास, आई. मला तर बघूनच शिसारी आली. असं कुणी करतं का?"

आईने हात सोडवून घेतला.

"जावईबापूंचे साहेब जेवायला आले होते ना तुझ्याकडे," ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी हे मशीन कुणी बंद केलं होतं, ते मी दादाला अजून सांगितलेलं नाही."